कुत्र्याची नखे घरी कापावीत की ग्रूमरकडे न्यावे? कोकणातल्या मंडळींचे अनुभव हवेत

चिरेबंदी (रत्नागिरी तालुका)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी लॅब्रेडॉर आणि गावठी अशा मिश्र जातीचा, साधारण तीस किलो वजनाचा कुत्रा आहे. घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असल्यामुळे पावसाळा सोडून बाकीचे महिने तो सकाळ-संध्याकाळ कातळावर धावतो आणि त्याची नखे आपोआप झिजतात. जून उजाडला की मात्र त्याचे फिरणे अंगणापुरते उरते आणि बाकीचा दिवस पडवीत नाहीतर माजघरातल्या लाद्यांवर जातो. गणपतीच्या सुमारास नखे इतकी वाढतात की चालताना लादीवर टकटक आवाज येतो आणि वळताना मागचे पाय घसरतात. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला जे जमिनीला न टेकणारे नख असते, ते तर कोयत्याच्या पात्यासारखे आत वळू लागते.

त्याची सगळीच नखे काळी असल्यामुळे आतला जिवंत भाग कुठे सुरू होतो ते बाहेरून मुळीच कळत नाही. आमच्यापासून शहरातला ग्रूमर गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि घाटवळणाच्या रस्त्याने नेले की कुत्र्याला वाटेत उलट्या होतात. तिथे पोचेपर्यंत तो आधीच घाबराघुबरा झालेला असतो. सासरे म्हणतात की गावच्या कुत्र्यांची नखे आजवर कोणी कापली नाहीत, तेव्हा हे फॅड कशाला. शेजारी म्हणतात की घरी हात लावू नका, रक्त आले तर थांबत नाही.

कोकणात, म्हणजे जिथे चार महिने पाऊस आणि ग्रूमर हाताशी नाही अशा ठिकाणी, आपण सगळे हे कसे निभावता? नखे घरी कापायला शिकावे की त्रास सोसून दर महिन्याला ग्रूमरकडेच न्यावे?

---

समुद्रगंध (गुहागर)

चिरेबंदी, माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या परिस्थितीत घरीच शिकावे. मात्र आज कात्री आणून आज नखे कापायला बसू नये. अनेक घरांत इथेच सगळे बिघडते. दोघांनी कुत्रा दाबून धरायचा, तिसऱ्याने घाईघाईने नखे कापायची, आणि मग पुढच्या वेळी कात्री दिसताच तो खाटेखाली जाऊन बसतो. कुत्र्याला भीती कापण्याची कमी आणि जखडून ठेवण्याची जास्त वाटते, असे मी आमच्या आणि ओळखीच्यांच्या कुत्र्यांवरून ठामपणे सांगू शकते.

आम्ही जे केले ते लिहिते. पहिले काही दिवस कात्री बाहेर काढलीच नाही. संध्याकाळी तो पडवीत निवांत पडलेला असताना फक्त पंजा हातात घ्यायचा, एक बोट हलकेच दाबून नख पुढे आणायचे, लगेच सोडायचे आणि खाऊ द्यायचा. त्याने पाय ओढून घेतला तर धरून ठेवायचा नाही. पंजा हातात द्यायला तो कुरकुरेनासा झाल्यावर कात्री जमिनीवर ठेवली. तिचा वास घेऊ दिला आणि प्रत्येक वेळी खाऊ दिला.

यानंतरची पायरी आवाजाची. नख कापताना जो कट्ट असा आवाज येतो, त्याला बरीच कुत्री दचकतात. यासाठी माडाच्या झावळीचे हीर फार उपयोगी पडतात. खराटा करायला आपण काढतो तेच वाळलेले हीर एका हातात धरायचे, कुत्र्यापासून चार-पाच हात लांब बसून नखाच्या कात्रीने त्याचा जाड बुंधा तुकड्या-तुकड्याने कापायचा आणि प्रत्येक तुकड्यामागे खाऊ टाकायचा. हिराच्या जाड टोकाचा आवाज नखाच्या आवाजाच्या बराच जवळ जातो. हळूहळू अंतर कमी करत आणायचे. आमचा कुत्रा पुढे पुढे हीर कापायला बसले की आपणहून समोर येऊन बसू लागला. त्यानंतर एक दिवस एकाच नखाचे टोक कापले आणि त्या दिवसापुरते थांबलो.

खाऊ म्हणून मिठाशिवाय उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी द्यावी. बाजारची सुकी मासळी बहुधा खारवलेली असते, ती यासाठी वापरू नये. घरात दोन माणसे असतील तर एकाने ताटलीला दही फासून चाटायला धरावे आणि दुसऱ्याने काम करावे. शेंगदाण्याचे बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल नसल्याची वेष्टनावर खात्री करून घ्या, कारण तो गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असतो.

---

निवृत्त_पशुवैद्य (सिंधुदुर्ग)

समुद्रगंध यांनी सवय लावण्याची पद्धत योग्य सांगितली आहे. मी नखाची रचना आणि काळे नख कसे ओळखावे याबद्दल लिहितो, कारण धागाकर्त्यांची खरी भीती तिथे आहे.

कुत्र्याला सर्वसाधारणपणे अठरा नखे असतात. पुढच्या प्रत्येक पायाला जमिनीला टेकणारी चार आणि आतल्या बाजूचे अंगठ्याचे एक, तर मागच्या प्रत्येक पायाला चार. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही अंगठ्याची नखे असतात, आणि ती केसांत लपलेली असल्यामुळे मालकाच्या ध्यानात येत नाहीत. अंगठ्याचे नख जमिनीला घासत नसल्यामुळे ते कुत्रा कातळावर कितीही धावला तरी झिजणार नाही. ते वळून थेट कातडीत घुसलेले मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी घरी काही करू नये, दवाखान्यात आणावे.

नखाच्या कठीण कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्याला हल्ली सगळेच क्विक म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसत नाही, पण त्याची चाहूल दोन ठिकाणी लागते. पंजा उलटा करून नखाची खालची बाजू नीट पाहा. टोकाकडे पन्हळीसारखी खोलगट जागा दिसेल आणि मुळाकडे नख भरीव दिसेल. खोलगट टोक कापायला सुरक्षित असते. दुसरी खूण कापलेल्या पृष्ठभागावर मिळते. नख एकदम न कापता अगदी पातळ चकत्या काढत जावे आणि प्रत्येक चकतीनंतर समोरून, शक्यतो दिवसाच्या उजेडात, पाहावे. सुरुवातीला पृष्ठभाग कोरडा, पांढुरका आणि खडूसारखा भुसभुशीत दिसतो. मग मध्यभागी एक लहानसा, गडद आणि किंचित ओलसर दिसणारा ठिपका उमटतो. तो ठिपका दिसला की थांबावे, कारण त्याच्या मागेच क्विक असते. "अजून थोडे कापू" हा मोह तेव्हाच आवरायचा असतो.

वाढलेल्या नखाबरोबर क्विकही पुढे सरकलेले असते, म्हणून पावसाळाभर वाढलेले नख एका बैठकीत लहान होणार नाही. आठवड्याला थोडेथोडे टोक काढत गेल्यास क्विक हळूहळू मागे सरते. त्याला काही आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. नेमके याच कारणासाठी मी घरच्या हाताला महत्त्व देतो. महिन्यातून एकदा भेटणारा ग्रूमर कितीही कुशल असला, तरी हे काम एका भेटीत उरकू शकत नाही.

नख फार वाढले की पाऊल टेकताना ते जमिनीला अडते, बोटे मागे आणि वर ढकलली जातात, आणि कुत्रा पाऊल वेडेवाकडे टाकू लागतो. गुळगुळीत लादीवर पाय घसरणे हा त्याचाच भाग आहे. सांधे आधीच दुखत असलेल्या कुत्र्याला याचा त्रास अधिक होतो. तेव्हा हे फॅड नाही. हा पायाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे आपल्या सासऱ्यांना माझ्या वतीने जरूर सांगावे.

---

कातळवाट (राजापूर तालुका)

वरील सर्व मतांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. आमच्या वाडीत सात-आठ गावठी कुत्री आहेत आणि त्यांची नखे कोणी कापत नाही. ती दिवसभर चिऱ्याच्या पायवाटांवर, कातळावर आणि डांबरी रस्त्यावर हिंडतात, आणि नखे बरोबर जमिनीच्या वर राहतात. मला वाटते की कात्री, कानस आणि ग्रूमर यांच्या मागे लागण्यापेक्षा कुत्र्याला भरपूर चालवणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

---

समुद्रगंध (गुहागर)

कातळवाट, हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. पण बांधलेला किंवा घरात राहणारा कुत्रा आणि वाडीभर हिंडणारा कुत्रा यांची तुलना होऊ शकत नाही. जमीन कोणती यावरही बरेच अवलंबून असते. आमच्याकडे लांबच लांब समुद्रकिनारा आहे आणि कुत्रा रोज त्यावर पळतो, पण मऊ वाळूत नखे फारशी झिजतच नाहीत. सड्याच्या खरबरीत जांभ्यावर जेवढे काम होते, त्याच्या पासंगालाही किनाऱ्यावरचे फिरणे पुरत नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत नखे झिजावीत म्हणून भर उन्हात कातळावर किंवा डांबरावर चालवले, तर तळव्याच्या गाद्या भाजतात. हाताची मागची बाजू जमिनीवर काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नये.

---

अलिबागची_वाट

मी ग्रूमरच्या बाजूने लिहिते, कारण धाग्यात ती बाजू फार दुबळी पडते आहे.

आमच्याकडे ल्हासा आप्सो आहे. तिच्या अंगावर लांब केस असल्यामुळे दमट हवेत गुंता होतो, पंजाच्या बोटांमधले केस वाढून चिखल अडकतो आणि त्यातून ओल धरून खाज सुटते. तिला अंघोळ घालणे, केस कापणे, तळव्यांतले केस साफ करणे ही कामे एकत्र होत असल्याने नखेही तिथेच कापून घेणे सोयीचे ठरते. चांगल्या ग्रूमरच्या हाताला रोजचा सराव असतो, मजबूत टेबल असते, आणि कुत्रा थोडा वळवळला तरी त्यांचा हात डगमगत नाही. तीस किलोचा घाबरलेला कुत्रा घरातल्या एकट्या बाईने किंवा वयस्कर माणसाने सांभाळावा, ही अपेक्षाच मला योग्य वाटत नाही.

मात्र ग्रूमर निवडताना मी काही गोष्टी पाहते. पहिल्या भेटीत कुत्रा त्यांच्या ताब्यात देऊन निघून जायला सांगणाऱ्या ठिकाणी मी जात नाही. निदान सुरुवातीला तरी समोर बसू द्यावे किंवा काचेतून पाहता यावे. रेबीजच्या लशीचे कार्ड ते स्वतःहून मागतात का, कुत्र्याला काही आजार आहे का, पूर्वी कधी चावला आहे का, असे विचारतात का, हे मी लक्षपूर्वक ऐकते. जो प्रत्येक कुत्र्याचे लसीकरण तपासतो, त्याच्याकडे माझी कुत्रीही सुरक्षित राहते. एका कुत्र्यानंतर दुसऱ्यासाठी कात्री जंतुनाशकाने पुसतात का हेही पाहावे. टेबलावर गळ्याला जो पट्टा अडकवतात, त्यात कुत्र्याला एकटे सोडून कोणी क्षणभरही दूर जाता कामा नये. उडी मारली तर फास बसतो. आणि कुत्रा फार घाबरला तर "आज एवढेच करू, उरलेली नखे पुढच्या वेळी" असे म्हणण्याची तयारी ज्याच्याकडे आहे, तो माझ्या मते सर्वांत चांगला ग्रूमर.

तासाभराचा प्रवास आणि उलट्या हा तुमचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी काही तास पोटभर खाऊ घालू नये, आणि प्रवासातील मळमळीवर पशुवैद्याला विचारून औषध घ्यावे.

---

चिरेबंदी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका अजून आहे. रक्त आलेच तर नेमके काय करावे? आणि एक गोष्ट सांगायची राहिली. पुढचे पंजे तो आता हातात देतो, पण मागचा उजवा पाय उचलला की गुरगुरतो. त्याला दटावावे का?

---

निवृत्त_पशुवैद्य (सिंधुदुर्ग)

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे.

दटावू नये. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना असते. ती दडपली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. पुढचे पाय सहज देणारा कुत्रा एकच मागचा पाय देत नसेल, तर तिथे दुखत असण्याची शक्यता आधी तपासावी. मांडीचा सांधा, गुडघा, बोटांमधली जखम, रुतलेला काटा, गोचीड यांपैकी काहीही असू शकते. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडी बोटांच्या बेचक्यांत हमखास दडून बसतात, म्हणून नखे कापण्याच्या निमित्ताने प्रत्येक बेचके बोटाने उघडून पाहावे. पाय उचलतानाही बाजूला किंवा फार वर ओढू नये. घोड्याचा खूर तपासताना जसा पाय मागे दुमडतात तसा, तो ज्या दिशेने नैसर्गिकपणे वाकतो त्याच दिशेने, जमिनीपासून थोडाच उचलावा.

तोंड बांधण्याबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. कपड्याच्या पट्टीने किंवा नाड्याने तोंड आवळून नखे कापण्याची पद्धत आपल्या दमट हवेत धोक्याची आहे. उकाड्यात कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि ताणाखाली असताना त्याला तोंड उघडावेच लागते. चपट्या तोंडाच्या पगसारख्या जातींत तर ही पट्टी वापरूच नये. गरज असेल तर जाळीची, टोपलीच्या आकाराची मुसकी घ्यावी. तिच्यात तो तोंड उघडू शकतो आणि जाळीतून त्याला खाऊही देता येतो. मुसकीचीही सवय आधी लावावी.

आता रक्ताविषयी. क्विक थोडे कापले गेल्यास रक्त बऱ्यापैकी येते आणि लादीवर पसरल्यामुळे आहे त्यापेक्षा भयंकर दिसते, पण निरोगी कुत्र्यात ते थांबते. स्वच्छ कापसाने किंवा कापडाने नखाच्या टोकावर घट्ट दाब द्यावा आणि पाच मिनिटे मध्ये-मध्ये उचलून न पाहता तो तसाच ठेवावा. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर घरात असेल तर चिमूटभर टोकावर दाबावी. नसेल तर दाढी करताना वापरतात ती तुरटी किंवा तिची पूड चालते, थोडी झोंबते एवढेच. तेही नसेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. हळद चेपण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि खरा उपयोग दाबाचाच होतो. तंबाखू किंवा चुना मात्र कदापि लावू नये. कुत्रा पंजा चाटतो आणि तंबाखूतले निकोटिन त्याला विषारी असते.

वीस मिनिटे दाब देऊनही रक्त थांबत नसेल तर विषय नखाचा राहिलेला नाही असे समजावे आणि दवाखाना गाठावा. आपल्या भागात याची दोन कारणे मी विशेष करून लक्षात ठेवतो. एक म्हणजे गोचीड ताप. एर्लिकिया या जंतूच्या संसर्गात रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात आणि साधी जखमही वाहत राहते. कुत्रा काही दिवसांपासून मलूल असेल, जेवत नसेल, नाकातून रक्त आले असेल किंवा अंगावर गोचिडी सापडल्या असतील, तर नखे कापणे पुढे ढकलावे आणि आधी रक्त तपासावे. दुसरे कारण उंदरांचे विष. भाताच्या कणग्यांजवळ किंवा माडाच्या बागेत ठेवलेले रक्त पातळ करणारे विष, किंवा ते खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला, तर लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. त्यावर पशुवैद्याने दिलेले व्हिटॅमिन के-१ हा उपचार आहे, पण वेळेत यावे लागते.

नखातून रक्त आलेल्या कुत्र्याला पावसाळ्यात निदान एक दिवस चिखलात आणि साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मुत्रातून अशा पाण्यात मिसळतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. सिंधुदुर्गात माणसांनाही या आजाराने ग्रासलेले आपण पाहिले आहे. कुत्र्यांसाठी त्याची लस उपलब्ध आहे, ती वेळच्या वेळी द्यावी.

आणि चावलेच कोणाला, तर पाळलेला आणि लस दिलेला कुत्रा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

---

रुजवण (वेंगुर्ले)

हत्यारांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन प्रकारच्या कात्र्या मिळतात. एक पक्कडीसारखी, दोन पात्यांची, आणि दुसरी गोल भोकात नख घालून सरकत्या पात्याने कापणारी. तीस किलोच्या कुत्र्याचे नख जाड असते, त्यामुळे पक्कडीसारखी मजबूत कात्री बरी. माणसांचे नेलकटर अगदी लहान पिल्लांच्या कोवळ्या नखांपुरतेच ठीक. मोठ्या कुत्र्याच्या नखावर ते वापरले तर नख दोन्ही बाजूंनी दाबले जाते आणि उभे चिरते.

आपल्याकडे किनाऱ्यावर खरा शत्रू आहे तो गंज. खाऱ्या हवेत साध्या पोलादाच्या कात्रीवर एका पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात आणि पाते बोथट होते. बोथट पाते नख कापत नाही, चेचते, आणि ते चेचणे आतल्या क्विकला दुखते. कात्रीला घाबरणारी काही कुत्री खरे म्हणजे बोथट कात्रीला घाबरत असतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून प्रत्येक वापरानंतर पाते कोरड्या फडक्याने पुसावे, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि कात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. खोबरेल तेल लावू नये, ते कालांतराने चिकट होते. औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्याच डब्यात टाकाव्यात. स्टिप्टिक पावडरही दमटपणाने गोळा होते, तीही तिथेच ठेवावी.

काळ्या नखांसाठी मी स्वतः बॅटरीवर चालणारा ग्राइंडर पसंत करतो. तो नख कापण्याऐवजी थोडेथोडे घासत नेत असल्यामुळे क्विकच्या जवळ जाताना अंदाज राहतो. काळजी दोन गोष्टींची घ्यावी लागते. एकाच जागी टेकवून ठेवला तर नख तापते, म्हणून एक-दोन सेकंद टेकवून उचलावा आणि दुसऱ्या नखाकडे वळावे. पंजावरचे लांब केस फिरत्या टोकात अडकू शकतात, ते हाताने मागे धरावेत. नखाची भुकटी उडते, तेव्हा काम पडवीत मोकळ्या हवेत आणि तोंडाला मास्क लावून करावे. आवाजाची सवय लावायला कात्रीपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात, हे मात्र मान्य करायला हवे.

---

हर्णैची_वाळू (दापोली)

ज्यांचा कुत्रा कात्री आणि ग्राइंडर दोन्हीला तयार होत नाही, त्यांच्यासाठी एक उपाय सुचवते. हातभर रुंद लाकडी फळीवर सुताराकडे मिळतो तो जाड खराचा पॉलिश पेपर घट्ट चिकटवावा. फळी भिंतीला तिरकी टेकवून तिच्यावर कुत्र्याने पुढच्या पायांनी खरवडले की खाऊ द्यावा. सुरुवातीला फळीला पाय लागला तरी खाऊ, मग ओरखडा काढला तर खाऊ, असे शिकवावे. पुढच्या प्रत्येक पायाची चारही नखे तो स्वतःच झिजवतो, आणि पावसाळ्यात घरात कोंडलेल्या कुत्र्याला तेवढाच उद्योगही मिळतो. गाद्या खरचटत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे. अंगठ्याची आणि मागच्या पायांची नखे मात्र याने होत नाहीत, ती हाताने कापावीच लागतात.

---

चिरेबंदी

ही माहिती आमच्या इथे अनेकांना उपयोगी पडेल. मागच्या उजव्या पायाची बेचकी उघडून पाहिली. चौथ्या बोटाच्या नखाच्या मुळाशी सूज आहे आणि ते नख थोडे हलते आहे. बाकीची नखे ठीक दिसतात. कुत्रा सात वर्षांचा आणि काळ्या रंगाचा आहे, हे लिहायचे राहून गेले होते. हे नखच कापून टाकावे का?

---

निवृत्त_पशुवैद्य (सिंधुदुर्ग)

त्या नखाला घरी हात लावू नका, आणि ग्रूमरकडेही नेऊ नका. ग्रूमरने ते कापू नये आणि चांगला ग्रूमर कापणारही नाही.

हलणारे नख आणि मुळाशी सूज यांचे बहुतेक वेळा कारण साधे असते. नख कुठेतरी अडकून मुळाशी तुटलेले असते किंवा ओलीमुळे त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग झालेला असतो. गुंगी देऊन किंवा जागा बधिर करून तुटका भाग काढला आणि औषध दिले की नख पुन्हा येते. परंतु काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, आणि त्यात लॅब्रेडॉरही येतो, नखाच्या मुळाशी कर्करोगाची गाठ होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. एकाच बोटाची सूज, सैल झालेले नख आणि औषधाने न भरणारी जखम हीच तिची सुरुवात असू शकते. याउलट एकाच वेळी अनेक पंजांची नखे चिरून गळू लागली, तर तो बहुधा रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित वेगळा आजार असतो. तुमच्या कुत्र्यात तसे दिसत नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही, पण वाट पाहू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खाजगी पशुवैद्याकडे त्या बोटाचा एक्स-रे काढून घ्या. तिथे एक्स-रेची सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ती कुठे आहे हे तेच सांगतील. जाण्याआधी दुखण्यावर म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, ती कुत्र्यांना घातक ठरू शकतात. कुत्रा फार गुरगुरत असल्याचे फोनवर आधीच कळवा. ताण कमी करणारे औषध घरूनच देऊन आणायचे का, हे ते वजन पाहून ठरवतील. गुंगी द्यावी लागलीच, तर बाकीची सतरा नखेही त्याच वेळी योग्य लांबीपर्यंत कापून देण्याची विनंती करा. क्विक पुढे आलेले असले तरी तेव्हा ती अधिक मागेपर्यंत घेता येतात, आणि मग घरी पुढचे काम फक्त टोके राखण्याचे उरते.

---

समुद्रगंध (गुहागर)

चिरेबंदी, दवाखान्यातून आल्यावर त्या पायाची सवय पुन्हा पहिल्या पायरीपासून लावावी लागेल, तेव्हा काही आठवडे त्याला हातच लावू नका आणि बाकीच्या तीन पायांचा सराव चालू ठेवा. हीर हवे असतील तर तुमच्याकडे माड असणारच. वाळलेली झावळ घ्या, ओल्या हिराचा आवाज येत नाही.